दुपारचं प्रेशर

सकाळी बारा मिनिटांत उरकणारं काम दुपारी अठ्ठेचाळीस मिनिटं खायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, गेले दोन महिने. माणूस असता तर कुणीही म्हणालं असतं, दोन घास जास्त झाले असतील, जरा लवंडला असेल बिचारा. पण हे पडलं यंत्र. त्याला ना भूक, ना डुलकी. तरी दुपारचा दीड वाजला की सूनबाईच्या टेबलाखालचं ते भलंमोठं काळं वर्कस्टेशन असं काही अंग टाकायचं, की देवाने आता यंत्रांनाही वामकुक्षी लावून दिली की काय अशी शंका यावी.

सूनबाई घरूनच काम करायची. उंच इमारतींमधल्या लिफ्टांनी कुठल्या मजल्यावर थांबायचं, कुणाला आधी उचलायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिची टीम लिहीत होती. माणसाने लिहिलेलं सगळं यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून घ्यावं लागतं; त्याला कंपाइल करणं म्हणतात. चार हजार फायली. त्यांतल्या एका मूळ फायलीत टाचणीच्या टोकाएवढा बदल केला तरी सगळ्या पंगतीला पुन्हा पानावर बसवायचं. टीममधल्या बाकीच्यांची पंगत बारा मिनिटांत उठायची. सूनबाईची सकाळची वेळेवर उठे, दुपारची मात्र हात वाळले तरी उठायचं नाव घेत नसे.

सोमवारी टीमच्या प्रमुखबाईंनी तिला फोनवर गाठलं. प्रमुखबाई तोंडाच्या फटकळ, पण अन्यायी नव्हत्या. सूनबाईने तीनदा नवं यंत्र मागितलं होतं, आणि तिन्ही वेळा कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता: मंद.

“मंद ही तक्रार झाली, निदान नव्हे,” प्रमुखबाई म्हणाल्या. “कुठे अडतंय ते मोजून दाखवा. शुक्रवारी पाचच्या मीटिंगपर्यंत सापडलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून इथे ऑफिसात येऊन बसा. इथली यंत्रं दुपारीही जागी असतात.”

ऑफिस होतं चार तासांच्या वाटेवर. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तिकडे एखादी खोली घेऊन राहायचं आणि दोन दिवसांसाठी घरी पाहुणी म्हणून यायचं. एरवी तेही निभावलं असतं. पण दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सकाळ-संध्याकाळ पायाचे व्यायाम, मग काठी धरून चालणं. मुलाने पाय धरला की त्या म्हणायच्या, हा माझा पाय आहे, पंपाचा दांडा नव्हे. सासऱ्यांनी धरला की दोघांचं पहिल्या मिनिटातच बिनसायचं. सुनेने धरला की निमूट तीसपर्यंत मोजायच्या. कालच बावीस पावलं झाली होती, पुढच्या आठवड्यात अंगणाचं दार गाठायचं ठरलं होतं. शिवाय सूनबाईला स्वतःलाच जायचं नव्हतं, हे ती मोठ्याने म्हणाली नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. हसण्यावारी नेणं हा त्याचा घरचा विषय. तो म्हणाला की तुझी लिफ्ट रोज दुपारी दोन मजल्यांच्या मध्ये लटकते, आतल्या माणसांची तरी चौकशी करत जा. सासरे मात्र हसले नाहीत. ते पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं फिटर होते आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी कुठे पाणी ठिबकल्याचा आवाज आला की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची. त्यांनी घास खाली ठेवला आणि तीनच प्रश्न विचारले. कुठे अडतं? केव्हा अडतं? कधीपासून अडतं?

कुठे ते माहीत नाही, केव्हा तर दुपारी, कधीपासून तर दोन महिने, असं सूनबाईने सांगितलं.

“तीनातली दोन उत्तरं हातात आहेत, सूनबाई. गळती अर्धी सापडली.”

मंगळवारी सकाळी सासरे आपली लांबट वही आणि कानावरची पेन्सिल घेऊन वर्कस्टेशनसमोर स्टूल टाकून बसले. ही वही त्यांच्या नोकरीतली. पानं उरली होती म्हणून वाया घालवायची नाही. त्यांनी नियम घालून दिले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधी मोजायचं, बदलल्यावर मोजायचं. आणि काम झालं की प्रत्येक झडप होती तशी करून ठेवायची, नाहीतर पुढच्या माणसाला खोटंच चित्र दिसतं. हा शेवटचा नियम सांगताना त्यांचा आवाज जरा चढला, कारण हा नियम न पाळणाऱ्या एका मुकादमाशी ते अकरा वर्षं बोलत नव्हते.

सूनबाईचा पहिला संशय डिस्कवर. फायली तिथून यायच्या, तिथेच परतायच्या. तिथेच गर्दी होत असणार. दुपारी कंपाइल लावून तिने आकडे पाहिले, तर डिस्क शंभरातलं चारही काम करत नव्हती. दुसरा संशय मेमरीवर. ती भरली की यंत्र सामान डिस्कवर नेऊन टाकतं आणि मग खेपा घालत बसतं. पण मेमरी जवळजवळ निम्मी रिकामी. राहिला प्रोसेसर. त्याच्यात सोळा कोअर, म्हणजे एका वेळी काम करणारे सोळा हात, आणि सोळाच्या सोळा शंभर टक्के कामात.

सूनबाईला हायसं वाटलं. सगळे हात राबताहेत, तरी काम सरत नाही, म्हणजे हातच कमी पडताहेत. नवं यंत्र हवं, सिद्ध झालं. तिने तसं लिहायलाही घेतलं. सासऱ्यांनी पेन्सिल वर केली. हेच हात सकाळी बारा मिनिटांत कसं उरकतात, असं त्यांनी विचारलं. सूनबाईला स्वतःचंच हसू आलं. सात वर्षं संगणकात गेलेल्या बाईला हे सुचू नये आणि नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुचावं.

“नळ पूर्ण उघडा आहे म्हणून पाणी पूर्ण येतंय असं नसतं,” सासरे म्हणाले. “प्रेशर पाहिलंस का?”

प्रोसेसरचं प्रेशर म्हणजे त्याचा वेग. तो तिने पाहिलाच नव्हता. किती हात कामात आहेत एवढंच पाहिलं होतं. तिने लगेच वेगाचा आकडा पडद्यावर आणला. एरवी सेकंदाला चार अब्ज ठोके, आणि वर थोडे. आता दुपारी अडीचला तोच आकडा एक अब्जावर आला होता. सोळा टाळकरी रांगेत उभे, एकही हात रिकामा नाही, पण मृदंगच पेंगायला लागलेला. मग टाळ कितीही वाजोत, अभंग पुढे कसा सरकणार?

मृदंग का पेंगतो तेही शेजारच्याच आकड्यात होतं. प्रोसेसरचं तापमान अठ्ठ्याण्णव अंश सेल्सिअस. एवढं तापलं की तो स्वतःच्या जिवासाठी आपणहून वेग उतरवतो. यात त्याचा दोष नव्हता. तापलेल्या माणसाने काम हळू करावं हे शहाणपणच आहे. आपल्याला ते सुचत नाही एवढंच.

आता प्रश्न असा की दुपारीच का तापतं. खिडकी पश्चिमेला होती, तेव्हा ऊन हा पहिला आरोपी. सासऱ्यांनी खिडकीला जाड चादर लावली. काही फरक नाही. मग धूळ. बुधवारी दुपारच्या जेवणाआधी दोघांनी मिळून यंत्राचं कॅबिनेट उघडलं. रंगाच्या मऊ ब्रशने सूनबाई झाडत होती, सासरे बॅटरी धरून होते, आणि दोघांचीही डोकी टेबलाखाली होती. समोरच्या पलंगावरून सासूबाई हा सोहळा पाहत होत्या. ऑपरेशननंतर त्यांचा पलंग याच खोलीत हलवला होता, कारण न्हाणीघर लागूनच होतं.

“कुणी आलं तर काय सांगू?” त्या म्हणाल्या. “सासरा नि सून टेबलाखाली देव शोधताहेत म्हणून सांगू?”

सापडेल तो देवच, असं सासऱ्यांनी टेबलाखालूनच उत्तर दिलं. सापडली ती सासूबाईंच्या शालीची लोकर, लिंबाएवढा गोळा. तो वहीत नोंदवून घेतला गेला. त्यानंतर प्रोसेसर आणि त्याच्या थंडाव्याच्या जोडामधला लेपही सूनबाईने पुसून नवा लावला. सासऱ्यांनी तो बोटावर घेऊन पाहिला आणि पाइपाच्या जोडाला आम्हीही असंच काहीसं भरायचो म्हणून पसंतीची मान हलवली. सगळं पुन्हा बंद केलं. सूनबाईने आणखी एक केलं. तापमान, वेग आणि पंख्याचे फेरे दर मिनिटाला आपोआप टिपून ठेवणारी एक छोटी आज्ञा लिहून चालू करून ठेवली.

मग रोजच्यासारखी जेवणं झाली. सासूबाई आडव्या झाल्या. त्यांची झोप मोडू नये म्हणून दुपारी सूनबाई खोलीत थांबतच नसे. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायची आणि तिथूनच आतल्या वर्कस्टेशनला काम सांगायची. सासरे एकदा आत जाऊन पांघरूण नीट करून, पाऊल न वाजवता बाहेर आले आणि तिच्यासमोर बसून घड्याळाकडे पाहू लागले. दोघांचेही डोळे पडद्यावर. बारा मिनिटं झाली. वीस झाली. शेवटी सत्तेचाळीसवर काम संपलं. लोकरीच्या गोळ्याने एक मिनिट दिलं होतं.

सासऱ्यांनी आकडा लिहिला आणि वही मिटली. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने विचारलं की तपास कुठवर आला, तर सासूबाईच म्हणाल्या, आरोपी रोज वाढताहेत, गुन्हेगार सापडत नाही. सूनबाई हसली खरी, पण तिने मनात खोलीचं सामान मोजायला सुरुवात केली होती. गादी तिकडे मिळेल. चहाचं भांडं इथून न्यावं.

गुरुवारचं काय सांगावं. दुपारी पुन्हा अठ्ठेचाळीस. संध्याकाळी सासरे दूध आणायला गेले होते. उद्याच्या अहवालासाठी आकडे उतरवून घ्यावेत म्हणून सूनबाईने यंत्राने टिपलेली यादी उघडली आणि सासऱ्यांची वही जवळ ओढली.

यादीत पंख्याचे फेरे होते. बुधवारी एक वाजून एक्केचाळीस मिनिटांपर्यंत मिनिटाला अठराशे. बेचाळिसाव्या मिनिटाला पाचशे. मग चारपर्यंत पाचशेच, आणि चार वाजता पुन्हा अठराशे. गुरुवारी एक एकोणचाळीसला खाली, चार वाजून दोन मिनिटांनी वर. म्हणजे उन्हाने नाही, धुळीने नाही. पंखाच दुपारी हळू होत होता. पण पंखे मोडतात, पंखे अडकतात. वेळ साधून हळू होणारा आणि वेळेवर परत कामाला लागणारा पंखा तिने बापजन्मात पाहिला नव्हता.

वही उचलताना ती हातातून निसटली आणि मागच्या बाजूने उघडी पडली. मागूनही पानं भरली होती. वर सासऱ्यांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: हिची झोप. डॉक्टरांनी औषधाच्या वेळा आणि झोप टिपून ठेवायला सांगितलं होतं, ते सासरे कसोशीने पाळत होते. बुधवार, दुपारी १:४१ ते ४:००. गुरुवार, १:३९ ते ४:०२.

सूनबाईने यादीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा यादीकडे पाहिलं. मग उठली, आतल्या खोलीत गेली आणि वर्कस्टेशनच्या मागे गुडघे टेकून बसली. तीन वर्षांपूर्वी हे यंत्र तिने स्वतःच्या हाताने जुळवलं होतं, तेव्हा मागच्या बाजूला एक छोटं गोल, फिरवायचं बटण बसवलं होतं. पंख्याचा वेग कमी-जास्त करायला. ते पूर्ण उघडं ठेवून ती विसरूनही गेली होती. आताही ते पूर्ण उघडंच होतं, कुणी शंका घेऊ नये असं. पण बाकीच्या मागच्या पत्र्यावर तीन वर्षांची धूळ होती आणि बटण मात्र लखलखीत, रोज हात लागलेल्या देवळातल्या घंटेसारखं.

काम झालं की झडप होती तशी. हा नियम पाळला नसता तर गुन्हेगार पहिल्याच दिवशी सापडला असता.

लेक असती तर तिने बाहेर येऊन सरळ सांगितलं असतं, बाबा, तुम्हीच आहात ते. सुनेची गोष्ट वेगळी. हे सासरे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाची डुगडुग काढायला स्वतःहून पाचर घेऊन आले होते. त्यांना काय सांगायचं? बटणाला वगळून पंख्याची तार सरळ जोडून टाकली तर काम दोन मिनिटांचं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण मग सासरे रोज दुपारी मेलेलं बटण फिरवत बसले असते आणि आवाज का जात नाही म्हणून वहीत नवं पान उघडलं असतं. शिवाय प्रमुखबाईंना निदान हवं होतं, आणि खोट्या निदानाचा या घरात केवढा तिटकारा होता ते तिला ठाऊक होतं.

तिने नवऱ्याला बाजूला घेऊन दाखवलं. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, सांगून टाक. तुमचे वडील आहेत, तुम्ही सांगा, असं ती म्हणाली. त्यावर गणिताच्या मास्तरांना अचानक तपासायच्या वह्या आठवल्या.

शुक्रवारी सकाळी व्यायाम आटोपले, सासूबाईंची चोवीस पावलं झाली आणि त्या पलंगावर टेकल्या. सूनबाई अहवाल लिहायला बसली. तिने यादी सासऱ्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही वाचा, मी टाइप करते. सासऱ्यांनी चष्मा लावला. कार्यालयात वाचायचे तशा खणखणीत आवाजात ते वाचू लागले. बुधवार, एक बेचाळीस, फेरे पाचशे. चार वाजता अठराशे. गुरुवार, एक एकोणचाळीस. चार दोन.

“आता वही मागून वाचा,” सूनबाई म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता.

त्यांनी वही उलटी केली. बुधवारची ओळ वाचली. गुरुवारची ओळ अर्धी वाचली आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि दोन्ही ओळी मनातल्या मनात परत वाचल्या.

“मागचं ते बटण,” ते हळूच म्हणाले, “ते आवाजाचं आहे ना?”

“पंख्याचं आहे, बाबा.”

“मला वाटलं, रेडिओला असतं तसं. पिळलं की यंत्राची घरघर कमी होते. हिला झोप लागावी म्हणून...” त्यांनी वही मिटली. “प्रत्येक बदल लिहायचा म्हणून तुला सांगितलं. हा लिहिला नाही. रोजचंच ते, त्याला कोण बदल म्हणतो?”

सूनबाईने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

“चौतीस वर्षं लोकांच्या घरची गळती काढली, सूनबाई. आणि आपल्या घरची झडप दोन महिने मीच आवळत होतो. तुला घराबाहेर काढायची वेळ आणली.”

हे शेवटचं वाक्य त्यांना जड गेलं. खाली मान घालून ते पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपत राहिले. आपण हे जरा खुबीने केलं, पण सरळ सांगितलं असतं तरी एवढंच लागलं असतं, असं सूनबाईला वाटून गेलं.

तेवढ्यात पलंगावरून खाकरल्याचा आवाज आला.

“झालं का तुमचं प्रायश्चित्त?” सासूबाई म्हणाल्या. “मग माझंही ऐका. मला त्या घरघरीनेच झोप लागते. माहेरी घरामागे पिठाची चक्की होती, तिच्या आवाजात वाढले मी. आवाज गेला की माझे डोळे टक्क उघडतात.”

सासरे बायकोकडे बघतच राहिले. मग वही वर धरून, जणू तीच साक्षीला आहे अशा सुरात, त्यांनी विचारलं की मग हे दोन महिने एक चाळीस ते चार कोण झोपत होतं.

सासूबाईंनी सांगितलं की कुणी नाही. डोळा लागत आलेला असायचा, तेवढ्यात हे चोरासारखे यायचे, पांघरूण ओढायचे, तिकडे खाली वाकून काहीतरी करायचे, मग चपला हातात घेऊन बाहेर जायचे. मग आवाज बंद आणि झोप पसार. पण माणूस एवढी काळजी घेतोय तर त्याला कशाला हिरमुसं करायचं? चारला पुन्हा डोकवायचे, तोवर डोळे मिटून पडून राहायच्या. एकदा तर नाटक खरं वाटावं म्हणून थोडं घोरून दाखवलं, तर यांनी तेही लिहून घेतलं.

वहीत ते खरंच होतं. मागच्या सोमवारी, कंसात: गाढ.

सूनबाईला हसू आवरेना. तिने पदराच्या जागी ओढणी तोंडाला लावली, पण खांदे हलायचे ते हललेच. सासरे क्षणभर गंभीर राहिले, मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी सुटलं. एका बाजूने यंत्राचं खरं, दुसऱ्या बाजूने बायकोचं खोटं, आणि एवढ्या काटेकोर माणसाने दोन्ही सारख्याच निष्ठेने टिपलेलं. देव भक्तांची परीक्षा घेतो म्हणतात. फिटरची घ्यायची तर वहीच्या दोन्ही टोकांनी घेतो.

तरीही सासऱ्यांनी पुरावा सोडला नाही. दुपारपर्यंत निदान पक्कं म्हणायचं नाही, असं त्यांनी बजावलं. जेवणं झाली, सासूबाई आडव्या झाल्या, सूनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली. एक चाळीसला सासरे पांघरूण घालायला आत गेले. सूनबाईने कंपाइल लावलं आणि पंख्याच्या फेऱ्यांवर डोळा ठेवला. अठराशे. अठराशे. सासरे अजून आतच होते. अठराशे. दोन मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा हात डाव्या हाताने धरलेला होता, आणि ते म्हणाले की सवय वाईट, हात आपोआप खाली जातो.

आतून पंख्याची घरघर येत होती. सातव्या मिनिटाला तिच्यात दुसरी घरघर मिसळली. हिला नाटकाचा वास नव्हता. चढउतार नव्हता, श्रोत्यांची पर्वा नव्हती. सासरे कान देऊन ऐकत राहिले. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी पडद्यावर काम संपल्याची ओळ आली.

सूनबाई अहवाल पुरा करायला बसली, आणि कारणाच्या रकान्यापाशी तिचे हात थांबले. पंख्याचा वेग चुकून कमी ठेवला गेला होता, असं तिने लिहिलं. सासऱ्यांनी मागून वाचलं आणि नापसंतीची मान हलवली. चुकून ठेवला गेला म्हणजे कुणी ठेवला, असं त्यांनी विचारलं. आमच्या खात्यात अशी ओळ लिहिणाऱ्याला साहेब परत पाठवायचे. त्यांनी तिला पुसायला लावलं आणि स्वतः सांगितलं:

“लिही. दोष, पंख्याची झडप दुपारी बंद. कारण, सासरे. उपाय, सासऱ्यांना समज दिली.”

पाच वाजता प्रमुखबाईंनी आधी आकड्यांचा तक्ता पाहिला. वेग, ताप, पंखा, एकाखाली एक, मिनिटांसकट. तक्ता चांगला झाल्याचं त्या म्हणाल्या. टीममध्ये असा कुणी करत नाही. मग त्या कारणाच्या रकान्याशी आल्या. त्यांनी एवढंच विचारलं की ही ओळ अशीच ठेवायची आहे का. सूनबाईने मागे पाहिलं. दारात उभ्या सासऱ्यांनी मान डोलावली. हो, अशीच, ती म्हणाली.

“मग नव्या यंत्राची गरज नाही,” प्रमुखबाई म्हणाल्या. “आणि तुमचीही इथे नाही. समज मात्र नीट दिलीय ना?”

सोमवारी दुपारी सूनबाई पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेली. यंत्र गर्जत होतं, सासूबाई त्याला साथ देत होत्या. सासरे पलंगाशी स्टूल टाकून बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, शाळेतल्या खोडकर मुलाला बसवतात तसे. तिला पाहून त्यांनी एक हात सोडवला, वही मागून उघडली आणि त्या दिवसाची ओळ दाखवली. दुपारी १:४० पासून पुढे. शेवटची वेळ अजून कोरी होती. शेजारी कंसात एकच शब्द, दोनदा अधोरेखित: खरी.